पाणी निवळून घालणे

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अपे,

जय भीम. तुमच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात फोन जमा करून घेतात आणि रविवारचा अर्धा तास तू फुलंब्रीला आई-आप्पांना देतेस, म्हणून ही बातमी पोस्टानं पाठवते आहे. बातमी चांगली नाही. बन्सी तरंगतोय.

काल सकाळी आईनं हाक मारली, "विशाखा, हे बघ गं, तुझ्या मैतरणीचं लेकरू वर आलंय." जाऊन पाहिलं तर तुझा ॲक्सोलॉटल, ती पाण्यातली पाल, पाण्यावर उलटा. शेपटी छताकडं, डोकं खाली. चारी पाय मारत तळाशी जायला बघतो आणि बुचासारखा परत वर येतो. गळ्याभोवतीचे ते लाल पिसांसारखे कल्ले मलूल पडलेत. तोंडावर मात्र नेहमीचं हसू.

आकाश वाळूजहून रात्रपाळी करून नुकताच आला होता. वाकून बघत म्हणाला, "ताई, हे तळून झालं बघ. भजी अशीच वर येतात." आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मी मराठी शिकवते, प्राणिशास्त्र नाही. काय करायचं ते कळव. जाताना तू दिलेल्या कागदाप्रमाणंच सगळं चाललं आहे. मी कॉलेजात असते तेव्हा आई बघते. बर्फाच्या बाटल्या वेळच्या वेळी बदलते. गांडुळं तुमच्याच शेतातली, तुझा भाऊ शिवराज आणून देतो ती.

तीन वेळा परीक्षा हुकली तेव्हा त्या भाड्याच्या खोलीत तुझ्याशी बोलायला हा एकटाच होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून काही लपवत नाही.

तुझी,
विशाखा

---

१ मार्च २०२५

प्रिय विशाखा,

पत्र परेडनंतर मिळालं. वाचून जेवण गेलं नाही.

आधी हे कर. त्याला टाकीतून काढून पसरट टबात ठेव, पाणी त्याची पाठ बुडेल इतकंच. म्हणजे पाय तळाला लागतील आणि धडपड थांबेल. तीन दिवस खायला काही देऊ नको. पाणी गार हवं आणि रोज बदलायला हवं. हवा गिळली तरी ते तरंगतात, पोट साफ झालं नाही तरी तरंगतात, आणि पाणी बिघडलं तरी वर येऊन हवा गिळत बसतात. तो हसतोय यावर जाऊ नको. त्याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे. मरतानाही तो हसतच असेल.

आता दुसरं. बन्सी माझ्याकडं दोन वर्षं होता, एकदाही तरंगला नाही. तुमच्याकडं दोन महिन्यांत तरंगला. आमचे तपासाचे साहेब म्हणतात, घटना आपोआप घडत नसते, कुणाचा तरी हात लागलेला असतो. म्हणून विचारते, रागावू नको. शनिवारी आणि रविवारी घरात कोण कोण होतं? टाकीत हात कुणी घातला? कुणी कौतुकानं पोळीचा तुकडा, भात वगैरे टाकला का? आकाशचा तो भज्यांचा विनोद मला आवडला नाही.

जे असेल ते खरं लिही.

अपेक्षा

---

गारखेडा
१२ मार्च २०२५

अपे,

"जे असेल ते खरं लिही" हे वाक्य मी चारदा वाचलं. वादविवाद स्पर्धेत मी विरोधी बाजूनं बोलत असतानासुद्धा तू मला खोटारडी म्हणाली नव्हतीस.

तरी उत्तर देते. शनिवार-रविवारी घरात आम्ही चौघं होतो. बाबा पेपर वाचत होते, आकाश झोपला होता, मी उत्तरपत्रिका तपासत होते, आई नळाच्या पाण्यानं भरलेले ड्रम झाकत होती. आमच्याकडं आठव्या दिवशी पाणी येतं, हे तू विसरली नसशील. पोळी, भात कुणी टाकला नाही. आईला मांजरीला दूध पाजायचा मोह होतो, पण बन्सीच्या बाबतीत ती कागदाच्या बाहेर एक बोट जात नाही.

टबाचा उपाय लागू पडला, पण टिकला नाही. पहिल्या वेळी तुझं पत्र यायच्या आधीच, चार दिवसांत, तो आपणहून खाली बसला होता. तीन मार्चला परत वर. मग तुझ्या पत्राप्रमाणं टब, बरा, पुन्हा टाकी. काल, अकराला, परत वर. या वेळी कल्ल्यांचे तुरे झडल्यासारखे दिसतात. आई त्याच्यापाशी बसून होती. म्हणत होती, "पाण्यातलं जनावर पाण्यालाच भेतंय, असं कधी बघितलं नाय."

आता मी विचारते. शिवराज जी गांडुळं आणतो, ती कुठल्या खड्ड्यातली? तुमच्या कपाशीवर जे फवारतात ते त्या खड्ड्यापर्यंत जात नाही, याची खात्री कोण देणार? संशय घ्यायचाच तर दोन्ही घरांवर घेऊ या. एकाच घराच्या दाराशी पोलीस उभा करू नको.

विशाखा

---

१६ मार्च २०२५

विशाखा,

गांडुळं घराच्या मागच्या खड्ड्यातली आहेत, तिथं फवारा जात नाही. तीच गांडुळं बन्सीनं दोन वर्षं खाल्ली. तो मुद्दा संपला.

तुझ्या पत्रातल्या तारखा मी वहीत मांडल्या. तेवीस फेब्रुवारी, तीन मार्च, अकरा मार्च. बरोब्बर आठ-आठ दिवसांचं अंतर. आजार असा कॅलेंडर बघून येत नाही, माणूस येतो. मला सांग, आकाशची पाळी किती दिवसांनी बदलते? रात्रपाळी असली की दिवसभर घरात तो एकटा जागा-झोपेत असतो, काकू बाहेर जातात, तू कॉलेजात. तो वाईट आहे असं म्हणत नाही. पण चेष्टा करणारा माणूस चेष्टेत काय टाकेल याचा नेम नाही.

आणि तो कागद तू स्वतः वाचून दाखवतेस ना काकूंना? त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या भरवशावर कागद ठेवून काय उपयोग? तोंडी सांगितलेलं माणूस विसरतं, मग मनानं करतं.

मी आज फोनवर शिवराजला सांगितलं आहे, एकदा जाऊन बघून ये. न कळवता. वाईट वाटून घेऊ नको, पाहणी अशीच करायची असते.

अपेक्षा

---

गारखेडा
२६ मार्च २०२५

अपेक्षा,

तुझं पत्र पोचायच्या आधीच, मंगळवारी अठरा तारखेला, शिवराज येऊन गेला. मुद्दाम आठ दिवस थांबून लिहिते आहे, कारण त्या दिवशी लिहिलं असतं तर पोस्टाची पेटी पेटली असती.

त्यानं चपला काढल्या नाहीत. टाकीत डोकावला, टब बघितला, फ्रीज उघडून बर्फाच्या बाटल्या मोजल्या. मग आकाशला उठवलं. बारा तासांची पाळी करून झोपलेल्या माणसाला उठवून विचारलं, "काय टाकतो रे ह्याच्यात?" आकाश डोळे चोळत म्हणाला, "भाऊ, मी टाकीत नाय, फक्त अंथरुणात अंग टाकतो." मला हसू आलं. शिवराजला आलं नाही.

आईनं चहा ठेवला. म्हणाला, "नको, उपवास आहे." आई म्हणाली, "उपवासाला चहा चालतो की." म्हणाला, "मला नाय चालत." पाणी पुढं केलं, तेही नको. मंगळवारचा उपवास, अपे? तू सांग. याच घरात तू कॉलेजच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस राहिलीस, आईच्या हातची भाकरी मोडून खाल्लीस. मी शिवराजच्या मनात डोकावले नाही. पण मला संशय घ्यायला तूच शिकवलं आहेस.

आकाशची पाळी दर सोमवारी बदलते. सात दिवसांनी. तुझं अंतर आठ दिवसांचं. गुन्हेगार ठरवायची एवढी घाई, की बेरीजही जुळवून बघितली नाहीस! संशय नेहमी उताराकडंच का गं वाहतो? तुझ्या घराच्या खड्ड्याला एका वाक्यात निर्दोष ठरवलंस आणि माझ्या घरातल्या माणसांना पानभर प्रश्न. हे मी व्यासपीठावरून शंभरदा बोलले आहे. जिवलग मैत्रिणीला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुला पुरावाच हवा, तर हा घे पंचनामा. आज सकाळी केला. पंच म्हणून बाबा आणि शेजारच्या वच्छलाबाई.

टाकी हॉलमध्ये, खिडकीपासून लांब, उन्हाची तिरीप येत नाही. काच आतून-बाहेरून पुसलेली. पाण्यात थर्मामीटर, पारा अठरावर. टाकीवर टेबलफॅन चालू. बाजूला झाकण घातलेला स्टीलचा पिंप, त्यात बन्सीसाठी वेगळं काढलेलं पाणी, आरशासारखं. पिंपाच्या कडीला दोऱ्यानं बांधलेला तुरटीचा खडा, पांढराशुभ्र, वापरून झिजलेला. प्लास्टिकची जाळी एक. लांब चिमटा एक. गांडुळांचा डबा, भोकं पाडलेल्या झाकणाचा. भिंतीवर चिकटवलेला तुझा सूचनांचा कागद. टबात सदर प्राणी, एकोणीस तारखेला पाणी आल्यापासून पुन्हा तरंगत असलेला, कल्ल्यांचे तुरे जवळपास गेलेले, चेहरा हसरा. वाचून पाहिला, बरोबर आहे. मोतीराम (सही), वच्छलाबाई (सही).

यात कुठं पाप दिसतं ते तुझ्या साहेबांना विचार. नाही दिसलं तर सुटी काढून ये आणि तुझं जनावर घेऊन जा. आई म्हणते, तो आपल्या दारात मरायला नको, लोक आपलंच नाव घेतील. तिला असं वाटायला लावलंस, हे मी विसरणार नाही.

विशाखा

---

३० मार्च २०२५, रविवार

विशाखा,

आजचा अर्धा तास मी घरी न देता तुला दिला. तू फोन उचलला नाहीस. तीन वेळा केला. म्हणून हे स्पीड पोस्ट.

तुरटी! तुरटी ताबडतोब बंद कर. टाकीतलं, पिंपातलं सगळं पाणी ओतून दे. तुरटी न लागलेलं पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेव आणि तेच वापर. तुरटीनं पाणी आंबट होतं, त्याचे कल्ले हळूहळू भाजत जातात. पाण्यात श्वास घेता येईना की तो वर येऊन हवा गिळतो. पोट हवेनं भरतं आणि तो तरंगतो. पाण्याला भेतंय असं काकू म्हणाल्या होत्या ना, ते खरंच होतं. आठ दिवसांचं अंतर म्हणजे तुमच्या नळाचं अंतर. तुमच्याकडं पाणी येतं, ड्रम भरतात, तुरटी फिरते, टाकीचं पाणी बदलतं, आणि बन्सी वर येतो.

मी घरात दोन वर्षं तुरटीचा खडा आणला नाही. कागदावर तुरटीचा शब्द नाही. मग पाण्यात तुरटी फिरवायला कुणी सांगितलं? आता तरी नाव लिही. मी कुणाला काही म्हणणार नाही, पण मला कळलं पाहिजे.

अपेक्षा

---

गारखेडा
४ एप्रिल २०२५

अपेक्षा,

फोन मी मुद्दाम उचलला नाही. पत्र मिळताच पाणी ओतलं. सहा घागरी. पुढच्या नळाला अजून दोन दिवस होते. वच्छलाबाईंनी त्यांच्या ड्रममधल्या दोन घागरी दिल्या, तुरटी न लावलेल्या.

नाव हवं आहे ना? सोबत तुझ्या सूचनांच्या कागदाची झेरॉक्स जोडते. चौथी ओळ वाच. निळी शाई, अक्षर तुझं, तारीख तुझ्या सहीखाली.

"पाणी निवळून घालणे."

या शहरात पाणी निवळायचं म्हणजे काय करायचं, हे गारखेड्यातल्या कुठल्याही बाईला विचार. आठ दिवसांचं साठवलेलं पाणी आम्ही कशानं निवळतो? तुरटी दोऱ्याला बांधायची, सात फेरे द्यायचे, गाळ बसला की वरचं पाणी काढून घ्यायचं. आईनं तेच केलं. बन्सी आजारी पडला तेव्हा तिला वाटलं पाणी नीट निवळलं नसेल, म्हणून ती चौदा फेरे द्यायला लागली. तुझ्या लेकरासाठी.

आणि हा कागद तिला मी वाचून दाखवला नाही. तू लिहिलंस, त्यांना वाचता येत नाही. आई सहा वर्षांपासून वाचते. बुद्धविहारात संध्याकाळचा वर्ग चालतो, तिथं पोरींच्या रांगेत बसून शिकली. तू गेलीस त्या दिवशी तिनं तुझा कागद हातात घेतला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि मला म्हणाली, "मोठ्यानं वाचू नको, मला येतंय." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी लिहून ठेवलेल्या सूचना होत्या. भिंतीवर तो कागद तिनं चिकटवला, मी नाही. लिहिलं तसं केलं. त्याची ही शिक्षा!

हाताचा शोध घेत होतीस ना? सापडला. तुझाच आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलेलं नाही. तिनं मागितलं आणि स्वतः वाचलं. तेव्हापासून टबापाशीच बसून आहे. बन्सी टबात तरंगतोच आहे. दोघांकडं बघवत नाही.

विशाखा

---

९ एप्रिल २०२५

विशाखा,

झेरॉक्स उशीखाली ठेवली आहे. रोज चौथी ओळ वाचते.

आमच्याकडं निवळणं म्हणजे नुसतं ठेवणं. विहिरीचं पाणी रांजणात ओतायचं, हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी वरचं घ्यायचं. आई म्हणायची, पाणी निवळू दे, मग पी. मला तेवढंच म्हणायचं होतं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं, म्हणून एक दिवस ठेवा. मी तुमच्या शहरात सात वर्षं राहिले, पण खोलीवर बाटलीचं पाणी विकत घेऊन. तुमच्या घरी राहिले तेव्हाही ड्रममध्ये काय फिरतं ते मी कधी बघितलंच नाही. हे कारण आहे, सबब नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. शिवराज मंगळवार करत नाही. त्याला कुठलाच उपवास नसतो. रविवारी फोनवर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "तुला तिथं जेवायचं ते जेव, मला नको सांगू." मी लहानपणापासून हे बघत आले आणि तुमच्याकडं जेवते एवढ्यावरच स्वतःला मोठी समजत राहिले. त्याला तुमच्या घरी पाहणी करायला पाठवलं ते मीच.

आणखी एक आहे, जे तुला कधी कळलं नसतं. इथं तपासाच्या वर्गात सराव म्हणून एक कागदपत्र तयार करायचं होतं. मी बन्सीचं प्रकरण घेतलं. संशयित म्हणून आकाशचं नाव लिहिलं. पूर्ण नाव. पाळीचा तक्ता जोडला, भज्यांचं वाक्य पुरावा म्हणून घातलं. साहेबांनी वर्गात वाचून दाखवलं, उत्तम म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काल मी ते परत मागितलं आणि वर्गासमोर उभी राहून सांगितलं, हे खोटं आहे, आरोपी मी आहे, आणि पुरावा माझ्याच अक्षरात आहे. वर्गात हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चौथी ओळ फळ्यावर लिहिली आणि ज्याला त्याला त्याचा अर्थ विचारला. चाळीस जणांचे सहा अर्थ निघाले.

आकाशची माफी मी समोर येऊन मागीन. काकूंना काय लिहू कळत नाही. त्या आता वाचतात, म्हणून जास्तच भीती वाटते.

बन्सी जिवंत आहे का, एवढं कळव.

तुझी म्हणवून घेण्याची हिंमत नाही,
अपेक्षा

---

गारखेडा
१६ एप्रिल २०२५

अपेक्षास जय भीम.

विशाखा म्हणाली, तू सांग मी लिहिते. मी म्हणलं, नको, मला येतं. चुका असतील तर सांभाळून घे.

तुझा बन्सी जित्ता आहे. उघडं ठेवलेलं पाणी देते. आकाश पाळीवरून आला की आधी बादलीवरची जाळी बघतो, मग झोपतो. त्याला तुझं पत्र दिलं. तो म्हणला, चाळीस पोलिसांत माझं नाव झालं, आता वाळूजला भाव वाढंल. असाच आहे तो. पण रात्री जेवला नाय नीट.

दोन दिवस झाले बन्सी खाली बसला. काल एक गांडूळ खाल्लं. कल्ल्याला बारीक लाल कोंब फुटलेत, डाव्या अंगाला. वच्छलाबाई बघून गेली. म्हणली, हसतंय गं. मी म्हणलं, त्याच्या हसण्यावर जाऊ नको.

तू विचारलं नाय, पण मी का शिकले ते सांगते. आकाश पोटात होता तेव्हा गावात ह्यांना मारलं. हातपंपावरून. मी चौकीत गेले. कोण कोण होतं, कशानं मारलं, सगळं सांगितलं. एक जण लिहीत होता. लिहून झाल्यावर म्हणला, अंगठा लाव. लावला. दोन वर्षांनी कळलं, कागदावर लिहिलं होतं, आपसात झटापट झाली, तक्रार नाय. खाली लिहिलं होतं, वाचून दाखवलं, बरोबर आहे. मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. तो कागद कुणी वाचून सांगितला तेव्हा आम्ही गाव सोडून इथं आलो. पण शिकायला लई वर्षं गेली. आधी पोरं शिकवली.

म्हणून मी लिहिलेल्यावर लई भरवसा ठेवते. तुझ्या कागदावर ठेवला. तुझा राग नाय. पण खोटं कशाला बोलू, ते पत्र वाचल्यावर तुझा कागद भिंतीवरून काढला. आता मी माझा लावला आहे. त्यात लिहिलं आहे, पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवणे, वर जाळी झाकणे, तुरटी नाय. त्याला दुसरा अर्थ निघत नाय. तुझ्या वर्गात दाखव.

गांडुळं संपत आलीत. शिवराजला म्हणावं, घेऊन ये. येताना उपवास सोडून ये. तो चहा घेईल तेव्हाच डबा घेईन.

सुटीत ये. बन्सी तुझाच आहे, पण बरा होईपर्यंत देणार नाय.

आता तू साहेब होशील. तुझ्यापुढं बाया येऊन बसतील. त्यांचं लिहून झालं की त्यांना वाचून दाखव. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही घे.

हे मी माझ्या हातानं लिहिलं. वाचून पाहिलं. बरोबर आहे.

गीताबाई मोतीराम (सही)